झाकणातली अक्षत

"नुस्ता रबर नै मिलता साब. पूरा ढक्कनच लेना पडता."

एवढं बोलून दुकानदारानं जुनं झाकण दोन बोटांनी काउंटरवरून परत सरकवलं आणि बोटं पँटीला पुसली. हैदराबादेत गौलीगुड्याच्या त्या अरुंद गल्लीत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. तेल, ग्रीस, रबर यांचा तिथं असा दर्प असतो की नवख्या माणसाला मळमळावं. अशा दुकानात जन्म काढलेल्या माणसानंही त्या झाकणापासून तोंड फिरवलं, हे नामदेवरावांनी पाहिलं.

"ये लगाके चला रै थे साब?" दुकानदाराला आता गंमत वाटायला लागली. "पेट्रोल की इत्ती बू, और आप आराम से? नाक घर में रखके निकलते क्या?"

नामदेवराव हसले नाहीत. एरवी हे गृहस्थ या गल्लीत आले की तासभर हलत नसत. वायपरची पट्टी घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालायची, घासाघीस करायची, दुकानदाराला फुकटचा सल्ला द्यायचा आणि वर त्याच्याच पैशानं इराणी चहा प्यायचा. आज त्यांनी नवं झाकण मुकाट्यानं घेतलं, मागितले तेवढे पैसे दिले आणि ते वळले.

"साब, पुराना फेंक दूँ?"

"नक्को!" नामदेवराव इतक्या जोरात ओरडले की शेजारचा दुकानदारही डोकावला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नक्को. थैली में बांध के दो. गाठ कसके मारो."

आता ज्याच्यासाठी एवढा जीव खालीवर व्हावा, ते झाकण होतं तरी काय? गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं. तळहातात मावेल एवढं काळं प्लास्टिक आणि आत रबराची चकती. पेट्रोल भरताना बंकवरचा, म्हणजे पंपावरचा, माणूस ते काढतो, भरून झालं की फिरवून लावतो, आणि जगातला कुठलाही शहाणा माणूस त्याचा पुन्हा विचार करत नाही. पण नामदेवराव करत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्मभर साहेबांच्या मर्जीनं फायली सरकवलेल्या या माणसाची स्वतःच्या मर्जीची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ही पांढरी गाडी. जुनी होती, दुसऱ्याकडून घेतलेली होती, पण काचीगुड्याच्या त्यांच्या गल्लीत तिच्याइतकी लखलखीत गाडी दुसरी नव्हती. बंकवर ते कुणालाही झाकणाला हात लावू देत नसत. स्वतः उतरायचे, स्वतः फिरवायचे, आणि 'कट्-कट्' असा आवाज आला की मगच जिवाला थंडावा.

खंडेनवमीला तर विचारूच नका! लोक बॉनेटला हळदकुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मोकळे होतात. नामदेवराव टाकीचं झाकणही काढून पुसायचे, हातावर घेऊन त्याला कुंकवाचं बोट लावायचे आणि वर अक्षता वाहायचे.

"अहो, तिथं कामून?" त्यांच्या पत्नी सुजाताबाई ताट धरून उभ्या असायच्या. "बाहेरून वाहा की."

"अगं, हे गाडीचं तोंड. आधी मान तोंडाचा."

"तोंड तिचं, बडबड तुमची," म्हणून सुजाताबाई हसायच्या.

तर काल सकाळी गाडी धुताना, झाकणाच्या खालून मागच्या चाकापर्यंत उतरलेला एक मळकट ओघळ नामदेवरावांना दिसला. बोट लावलं तर चिकट. त्यांनी झाकण फिरवून काढलं. आतली रबराची चकती एका जागी चिरली होती, आणि त्या चिरेत तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता. कुंकवानं लाल झालेला. गेल्या खंडेनवमीचा. दर वेळी त्यांनी 'कट्-कट्' आवळलं, तसा तो दाणा रबरात आणखी खोल गेला होता, आणि त्या चिरेतून इतके महिने पेट्रोल आणि त्याची वाफ बाहेर येत होती. 

म्हणजे सुजाता खरं बोलत होती!

दिवाळीपासून ती सांगत होती. "अहो, गाडीत पेट्रोलचा वास यायलाय. माझं डोकं फुटायलंय." आणि हे प्रत्येक वेळी मान उंच करून, नाक फुगवून, दोन-तीनदा मोठ्यानं हुंगून म्हणत होते, "कुठाय? मला तर काही येत नाही. तुझं आपलं काहीतरीच."

'मला काही येत नाही' हे अगदी खरं होतं. त्यांना कशाचाच वास येत नव्हता, आणि हे त्यांनी जगात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नवराबायको दोघंही आडवी झाली. त्यातून आधी सुजाताबाई उठल्या. किती तरी दिवसांनी त्या घरात चूल पेटली, वरणाला लसणाची फोडणी बसली. वाटी घेऊन त्या नवऱ्याच्या उशाशी आल्या आणि त्यांनी विचारलं, "यायलाय का वास?" तेव्हा सगळी दुनिया एकमेकांना हेच विचारत होती. नामदेवरावांना काही येत नव्हतं. पण बायको अशा आशेनं बघत होती की त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा! घमघमाट सुटलाय नुसता." ती आधी रडली, मग हसली. त्यांना वाटलं, येईल आज ना उद्या. तो काही आला नाही. आणि त्या एका शब्दापायी पुढं रोज दोन वेळा, जेवायला बसलं की खोटं बोलावं लागायला लागलं.

मग ती गाडीतल्या वासाचं बोलली, तेव्हा 'मला कळत नाही गं, मेकॅनिकला दाखवू या' एवढं म्हणायला काय जात होतं? पण तसं म्हटलं असतं तर चार वर्षांचा सगळा घमघमाट उघडा पडला असता. त्यापेक्षा तिला खोटं पाडणं सोपं होतं. त्यांनी तेच केलं.

एवढ्यावर भागलं असतं तर घरातल्या घरात मिटलं असतं. पण संक्रांतीनंतर उदगीरहून फोन आला. सुजाताबाईंची थोरली बहीण रेणूअक्का अंथरुणाला खिळली होती. आई लहानपणीच गेलेली. सुजाताबाईंची वेणी घातली ती रेणूअक्कानं, शाळेत सोडलं ती तिनं, लग्नात पाठवणीला रडली तीही तीच. फोनवर अक्काची मुलगी प्रणिता रडत होती. "मावशी, आई सारखी दाराकडं बघायलीय. तुझं नाव काढायलीय. लवकर ये गं."

लांबचा प्रवास म्हणून नामदेवरावांनी टाकी काठोकाठ भरली, कट्-कट् आवाज ऐकला आणि निघाले. सुजाताबाई मागं बसल्या. संगारेड्डीच्या आत त्यांना दोनदा उलटी झाली. "काच खाली कर, वारा घे," नामदेवराव म्हणाले. काच खाली केली तर वास दुप्पट यायला लागला. सदाशिवपेठेपर्यंत (पुण्याची नव्हे, आपली, संगारेड्डीच्या पुढची) बाई पार गळून गेल्या. रस्त्याकडेला गाडी थांबवली तेव्हा त्या चिंचेच्या बुंध्याला धरून उभ्या होत्या.

"अहो, मला या गाडीत बसवत नाही. हिथून बसनं जाऊ या. नाहीतर मला एकटीला बसवून द्या."

"दारात गाडी असून बायकोला बसनं धाडलं म्हणजे लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू द्या. पण मला अक्काकडं पोचवा."

आणि तिथं नामदेवराव बोलू नये ते बोलले. "सुजाता, तुला जायचंच नव्हतं तर घरी सांगायचं होतंस. बहिणीपेक्षा तुझं डोकं मोठं झालं का? नाटकं नुसती!" त्यांनी गाडी वळवली. उद्या सकाळी हिचं डोकं ठिकाणावर आलं की निघू, असं ठरवून काचीगुड्याला परत आणली. सकाळी उजाडायच्या आत प्रणिताचा फोन आला. अक्का गेली होती.

मातीला दोघं बसनं गेली. बसमध्ये सुजाताबाईंना काही म्हणजे काही झालं नाही. हे नामदेवरावांच्या लक्षात आलं होतं. आणि तेव्हा ते मनात काय म्हणाले, तेही आता त्यांना आठवलं. ते म्हणाले होते, 'बघा! आता बरं जमतं!'

तेराव्याला भरल्या घरात प्रणितानं मावशीला विचारलं, "गाडी लागली म्हणून कुणी अर्ध्यातून परत जातं का गं?" सुजाताबाईंनी मान खाली घातली. नामदेवराव शेजारीच उभे होते.

गौलीगुड्याहून निघालेले नामदेवराव सरळ घरी गेले नाहीत. ते चादरघाटच्या पुलावर जाऊन उभे राहिले. खाली मुशी नदी वाहत होती. येणारेजाणारे निर्माल्याच्या पिशव्या जाळीवरून खाली भिरकावत होते. त्यांत आणखी एक पिशवी गेली असती तर कुणी विचारणार नव्हतं. नवं झाकण लागलं की वास संपला, जुनं नदीत गेलं की पुरावा संपला. त्यांनी हात वर केला. पण पिशवी काही हातातून सुटेना. बराच वेळ तसे उभे राहून ते घरी आले.

घरात वरच्या मजल्यावरच्या केतकीवहिनी बसल्या होत्या. सुजाताबाईंचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"सगळी दुनिया गाडीत बसती, वहिनी. माझ्याच मेलीच्या जिवाला काय झालं होतं? चार घटका कळ काढली असती तर अक्का दिसली असती मला."

"असं नका म्हणू. पित्त असंल तुमचं."

"पित्त कशाचं! मनाचेच खेळ सगळे. हे बिचारे घेऊन निघाले होते की. यांनी तरी काय करावं?"

बिचारे! नामदेवरावांना त्या शब्दानं थोबाडीत मारल्यासारखं झालं. चपला न काढता ते तसेच मागं फिरले, गाडीपाशी गेले, नवं झाकण बसवलं आणि जुन्याची पिशवी आपल्या सीटखाली ढकलली. सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. जेवताना सांगू. जेवताना तिनं वरण वाढलं आणि सवयीनं त्यांच्याकडं बघितलं. सवयीनंच ते म्हणाले, "वा, काय वास सुटलाय!" मग सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी उदगीरला अक्काच्या महिन्याचं जेवण होतं. सकाळीच सुजाताबाई पिशवी घेऊन दारात उभ्या. "मी एमजीबीएसच्या स्टँडवरून बस धरते. तुम्ही या गाडी घेऊन. उगं तुम्हाला परेशान करायचं नाही मला."

"एकदा बसून तर बघ. नसलं जमत तर मेहदीपटणमला उतर."

त्या मागं बसल्या. पदर आधीच नाकाशी धरलेला. गाडी निघाली. मेहदीपटणम गेलं, पटानचेरू गेलं. हळूहळू पदर खाली आला. नामदेवराव आरशातून बघत होते. बाईंनी एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं, काच खाली करून हुंगलं.

"अगंबाई! नाही येत."

 नामदेवरावांना वाटलं होतं, तिला बरं वाटेल. संगारेड्डी आलं, आणि एकदम सुजाताबाईंना हुंदका फुटला.

"म्हणजे नव्हताच की हो वास! तीच गाडी, तीच सडक. आज कसं काही नाही? तुम्ही म्हणायलात तेच खरं होतं. नाटकंच केली मी. माझी अक्का दाराकडं बघत गेली आणि मी हिकडं नाटकं करायले!"

 नव्या झाकणानं वास घालवला, आणि वासाबरोबर तिचा खरेपणाही घालवला. आता नामदेवराव नुसते गप्प बसले असते तरी पुरे होतं. जन्मभर त्यांचंच खरं ठरलं असतं. ती मरेपर्यंत स्वतःला कोसत राहिली असती, आणि वर यांना वरण वाढत राहिली असती.

सदाशिवपेठ ओलांडल्यावर ती चिंच आली. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"हिथं कशाला थांबलात?" सुजाताबाईंनी झाड ओळखलं होतं. "चला की."

नामदेवरावांनी सीटखाली हात घालून पिशवी काढली आणि मागं वळून त्यांच्या हातात दिली. "गाठ सोड."

गाठ सुटली मात्र, बाईंची मान झटक्यानं मागं गेली. मग त्यांनी हळूच ती पिशवी पुन्हा नाकाजवळ नेली. डोळे मिटले.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच वास."

"टाकीचं झाकण आहे. रबर चिरलंय. खंडेनवमीची अक्षत अडकली होती त्यात. मी वाहिलेली." नामदेवरावांनी चिरेवर बोट ठेवलं. "परवा गाडी धुताना दिसलं. काल मी नवं बसवलं. तुला न सांगता."

"आणि वास? तुम्हाला बिल्कुल येत नव्हता?"

"मला कशाचाच वास येत नाही, सुजाता. करोना झाल्यापासून."

रस्त्यावरून ट्रक धडधडत जात होते. ती ओरडेल, कपाळ बडवून घेईल, असं नामदेवरावांना वाटत होतं. तसं काही झालं नाही.

"फोडणीचा?" सुजाताबाईंनी विचारलं.

"नाही."

"दिवाळीत दूध करपलं होतं, तवा तुम्ही म्हणालात बासुंदीचा वास सुटलाय. तवाच मला कळायला पायजे होतं." त्या खिडकीबाहेर चिंचेकडं बघत राहिल्या. "मी हिथंच म्हणाले होते, बसनं जाते."

"हो."

"तुम्ही गाडी वळवायलात, तवा एक बस गेली समोरून. उदगीरची. मी पाटी वाचली होती."

नामदेवरावांना ती बस आठवत नव्हती. त्यांनी पाहिलीच नव्हती. "माझ्यामुळं तुझी भेट चुकली," ते म्हणाले. "तू खरं बोलत होतीस आणि मी तुला खोटं पाडलं. मला माफ कर, असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू?"

"नका म्हणू," सुजाताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "प्रणिताला कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"कोपऱ्यात घेऊन नाही. सगळ्यांसमोर. तिनं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं."

"हो."

"पंगत बसायच्या आधी. आणि नाकाचं पण सांगायचं."

"सगळं सांगतो."

"चला मग."

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. थोडं पुढं गेल्यावर नामदेवरावांनी आरशात पाहिलं. पिशवी उघडीच होती. सुजाताबाईंनी झाकण बाहेर काढून मांडीवर घेतलं होतं आणि त्यावर हात ठेवला होता.

"अगं, गाठ मार त्याला. त्रास होईल तुला."

"होऊ द्या."

"निदान काच तरी खाली कर."

"राहू द्या बंद. इतके महिने 'वास नाही' म्हणालात. आता थोडा वेळ तो 'आहे' असं राहू द्या."

झहीराबाद आलं आणि मागं पडलं. सुजाताबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम आला होता. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडाशी धरला, पण मांडीवरचं झाकण हलवलं नाही. बंद काचांच्या त्या गाडीत नामदेवरावांनी खोल श्वास घेतला. मग आणखी एकदा घेतला. त्यांना कसलाच वास आला नाही.